खडीवर लिहिलेले शब्द

इंग्रजी शब्दाचे टोक चिमटीत धरल्यासारखी दोन बोटे जुळवून गुरुजी म्हणत, "शेपूट धरा. जनावर जातंय कुठं?"

हे गुरुजी दुष्काळी कामावर सुकडीचे सरकारी खाणे मिळते म्हणून शाळा सोडून पळाले, अशी कथा लातुरात आजही सांगतात. सांगणाऱ्यांपैकी एकही जण तेव्हा सडकेच्या कामावर नव्हता. मी होतो. खडी फोडत होतो.

वाचकहो, मुले आईबापांमागे दुष्काळी कामावर आली आणि वर्ग ओस पडला. रिकाम्या बाकांना शिकवण्याऐवजी गुरुजी मुलांमागे आले. दुपारच्या सुट्टीत ते कोळशाने दगडांवर शब्द लिहीत. एकावर प्युरिफाय, दुसऱ्यावर सर्टिफाय. "शेवटचं फाय म्हणजे करणे. मूळ लॅटिन, तिकडं फाकेरे म्हणायचे. फ्रेंचांच्या घरी राहून इंग्रजाकडं आलं. शुद्ध करणे. खात्री करणे."

हातोडी थांबवून एका म्हातारीने विचारले, "गुर्जी, पानी करायचं फाय हाय का?"

"हाय, मावशी. लिक्विफाय. पण ते हाय त्याचंच पानी करतंय. न्हाई त्याचं न्हाई."

"मग तुमचा इंग्रज बी आमच्यावानीच की."

सुकडी वाटली जाई तेव्हा गुरुजी पाठ फिरवून बसत. हे मी पाहिले आहे. ज्याने पाहिले नाही त्याने माझ्याशी वाद घालू नये.

शाळेच्या हजेरीपटात मात्र त्यांची गैरहजेरी लागली. पुढे लातूर वेगळा जिल्हा झाला. नव्या कचेरीने जुने पट तपासले आणि नोकरीतला तो खंड सापडला. हुकूम आला, त्या काळात शिकवल्याचा दाखला आणा, नाहीतर घरी बसा.

मी साक्षीला गेलो. कारकून माझ्या हातांकडे पाहून म्हणाला, "काका, खडी फोडणाऱ्याचा दाखला चालत न्हाई. साहेबाचा आणा."

मी भांडलो. मला बाहेर काढण्यात आले. गुरुजी पायरीवर बसले होते. म्हणाले, "सर्टिफाय. खात्री करणे. करणारा लागतो, बाबा."

नोकरी गेली. त्यानंतर ते रोज त्या सडकेने मान खाली घालून चालत. डोके फिरले, असे लोक म्हणाले. साफ खोटे. आम्ही फोडून सडकेवर पसरलेल्या खडीत कोळशाचे अक्षर उरलेला एखादा दगड ते शोधत होते, कचेरीत दाखवायला.

नव्या जिल्ह्याने सडकेवर डांबर घातले. गुरुजी कडेला उभे राहून रोलर पार पलीकडे जाईपर्यंत पाहत राहिले. मग धोतराचा सोगा सावरून शेताच्या वाटेने घरी गेले. सडकेवर ते पुन्हा दिसले नाहीत.