तुटक्या बिल्ल्याची गाय

बारामतीहून मोटारसायकलवर इंदापूर तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात मी कामाला जायचो, तेव्हाची गोष्ट. माझं काम कॉम्प्युटरवरचं. आसपासच्या गाईम्हशींची नोंद एका एक्सेल फाइलमध्ये होती, प्रत्येक गावाचं वेगळं शीट.

एके सकाळी डाळजचे एक तात्या जर्सी गाय ओढत घेऊन आले. "हायवेच्या कडंला फिरत हुती. कुणाची हाय बघा."

गाईच्या कानातला पिवळा बिल्ला तुटलेला, शेवटचे चारच आकडे शाबूत. ते फाइलमध्ये शोधले तर ढिगानं उत्तरं आली. लोकांच्या मोबाइल नंबरांतसुद्धा तेच आकडे! मग मी हौसेनं मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्येच चालणारा छोटा प्रोग्रॅम, लिहिला. फक्त बिल्ल्याचा रकाना बघायचा, शेवटचे चार आकडे जुळवायचे आणि गाय जर्सी असेल तरच मालकाचं नाव सांगायचं.

मॅक्रो सुरू झाला आणि स्क्रीन नाचायला लागली. माझा कोड एकेका चौकटीवर जाऊन उभा राहत होता. बावडा गावाचं शीट आलं आणि मशीन हँगच झालं. तोवर गाईनं डॉक्टरांच्या कुंडीतली शेवंती संपवून गुलाबाला तोंड घातलं.

"अहो तात्या, गाय आवरा!" डॉक्टर आतून ओरडले.

"मी कशाला आवरू? माझी हाय व्हय?"

मी मॅक्रो बंद पाडला. चौकटींच्या दारोदार हिंडण्यापेक्षा अख्खं शीट एकदम मेमरीत उचलायचं आणि तिथंच ताडून बघायचं, असा बदल केला. बटण दाबलं आणि तात्यांनी चहाचा कप उचलायच्या आत एकच नाव आलं. मी ऐटीत वाचून दाखवलं.

तात्यांचं तोंड उतरलं. "दुसरं कोण निघतंय का बघा की."

"का? ओळखीचे आहेत?"

"व्याही हाय माझा. लग्नात जेवणावळीवरनं बिनसलं, तवापास्नं बोलणं न्हाय."

मीच फोन लावला, स्पीकर चालू केला आणि त्यांच्यापुढं धरला. तात्या बराच वेळ खाकरले. "आवं, तुमची गाय आमच्या गावात आलीया. हितं दवाखान्यात हाय बघा."

"आली व्हय?" पलीकडून आवाज आला. "आमच्या घरात तीच एक शानी हाय!"

तात्यांना हसू आवरेना. थोड्या वेळानं व्याही पिकअप घेऊन आले. गाय मागं चढवली आणि तात्यांना हाताला धरून पुढं बसवलं. गाडी वळताना तात्यांनी खिडकीतून हाक मारली, "मटान हाय म्हणत्यात. चला की!"

मी फाइल सेव्ह केली आणि पिकअपच्या मागं निघायला मोटारसायकलला किक मारली.