रिकामी खुर्ची दिसली की वर्ग दारात

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. वीस मुलं आठवड्यातून तीनदा एका खोलीत बसवा, ते आपोआप साठतात. स्टाफरूममध्ये मी एक सांगायला घेते आणि चहा संपेपर्यंत चौथ्यावर पोचलेली असते. म्हणून आता लिहूनच टाकते.

वसईच्या आमच्या कॉलेजात गेल्या वर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांचे विषयगट केले. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स सगळे एकत्र, आणि वर्षभर एकाच विषयाच्या मागे लागायचं. कल्पना माझी नव्हती, हट्ट मात्र माझा होता. नोकरीला लागून जेमतेम दीड वर्ष झालेलं, आणि कॉलेजला बदलायला इतका वेळ का लागतो हेच मला कळत नव्हतं.

प्राचार्यांनी माझ्या गटाला नाव सुचवलं, ‘जलसंसाधने आणि शाश्वत सहजीवन’. विरारचा ओमकार म्हणाला, “मॅडम, हे आयकार्डवर मावणार नाही.” आम्ही ‘पाणी’ ठेवलं.

*

पहिल्या दिवशी ओळख करून घेताना प्रत्येकाने सांगायचं होतं, घरी पाणी कुठून येतं.

ओमकार अठराव्या मजल्यावर राहतो. “टँकरने येतं. कधी येणार ते फक्त सोसायटीच्या सेक्रेटरीला माहीत, आणि त्यांना विचारायची कोणाची हिंमत नाही.”

भुईगावचा विल्सन म्हणाला, “विहिरीचं. एकदम गोड. पाहुण्याने चहा मागितला तरी पप्पा आधी तेच देतात.”

शेवटच्या रांगेतून अर्नाळ्याची जयश्री उठली. “आमच्या तर दारातच पाणी आहे.” सगळे कौतुकाने वळले. “प्यायचं नाही,” ती म्हणाली आणि खाली बसली.

तास संपल्यावर ती मागे थांबली. तिच्या घरात तिच्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. आई बोंबील वाळवते, आणि हंगामात तिला माणूस कमी पडतं. आईने सांगून ठेवलं होतं, दिवाळीपर्यंत बघू.

“आणि दिवाळीनंतर?” मी विचारलं.

“तेच बघायचंय,” जयश्री म्हणाली.

*

महिन्याभरात मुलं दांड्या मारायला लागली. मी वैतागून म्हटलं, “जो येणार नाही, त्याच्या घरी वर्ग जाईल!” मी रागाने बोलले होते. त्यांनी तो नियम धरला.

पहिला सापडला ओमकार. आम्ही वीसजण तीन फेऱ्यांत लिफ्टने वर गेलो. त्याच्या आईने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं आणि आत वळून म्हणाली, “ओम्या, ऊठ. कॉलेज आलंय.”

वर्ग गच्चीवर, टाकीपाशी भरला. सेक्रेटरी धावत आले, “इथे काय चाललंय?” ओमकारने आमच्यावर एक नजर फिरवली, धीर गोळा केला आणि विचारलं, “काका, टँकर किती वाजता येतो?” इतक्या लोकांसमोर त्यांना सांगावंच लागलं.

*

विल्सनकडे गेलो तर तो घरीच नव्हता, फुटबॉल खेळायला गेला होता. पप्पा म्हणाले, “तो नसला म्हणून काय झालं? विहीर आहे ना.” दोर सोडून खोली मोजायची होती. “आधी प्या, मग मोजा,” पप्पा म्हणाले. प्रत्येकी दोन ग्लास झाले.

तास संपत आला तेव्हा बूट हातात घेऊन विल्सन वाडीत शिरला. सगळा वर्ग त्याच्याच केळीखाली बसलेला.

“मॅडम, मी गैरहजर?”

मी काही बोलायच्या आत पप्पा म्हणाले, “हो.”

*

मग माझी पाळी आली. सर्दीने डोकं फुटत होतं म्हणून रजा टाकली. अकरा वाजता बेल वाजली. मी गाउनमध्ये, डोक्याला रुमाल बांधलेला. सगळ्यांत पुढे जयश्री.

“मॅडम, नियम तुमचाच.”

त्या दिवशी वर्ग तिने घेतला. भरती-ओहोटीची वेळ रोज किती पुढे सरकते, ते तिने तिथीवरून काढून दाखवलं. सायन्सची मुलं वहीत उतरवून घेत होती. मी मध्ये शिंकले तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्याकडे पाहते.

*

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जयश्रीची खुर्ची रिकामी दिसली. आम्ही अर्नाळ्याला गेलो. ती आईबरोबर किनाऱ्यावर बोंबील टांगत होती.

“आता काम हाय,” आई म्हणाली. “तिला सोडता येनार नाय.”

“मावशी, आम्ही करतो ना मदत,” ओमकार म्हणाला.

दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. आईच्या हाताला बघावंही लागत नव्हतं. आमच्याकडून एक जोडी धड अडकेना. तेवढ्यात ओमकार नाक्यावरच्या दुकानात जाऊन कपड्यांचे चिमटे घेऊन आला. आम्ही बोंबील शेपटीला चिमटे लावून टांगले, एका सरळ ओळीत. मला तर अभिमानच वाटला.

वारा सुटला. निम्मे बोंबील वाळूत पडले, उरलेल्यांवर कावळे बसले.

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “हे काय, परकर वाळत घातलेत?”

जयश्रीने सगळे बोंबील वेचले, धुतले आणि पुन्हा टांगले. आम्हाला हात लावू दिला नाही. आम्ही परतीची बस धरली. तिचं कॉलेज आपणच बुडवलं, असं मला वसई येईपर्यंत वाटत राहिलं.

*

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्याच दिवशी जयश्रीची खुर्ची रिकामी. मी काही म्हणायच्या आधीच मुलांनी दप्तरं उचलली.

तेवढ्यात दारात तिची आई. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, हातात कापडी पिशवी.

“बसा, बसा सगळी. कुठं येव नका.” ती सरळ शेवटच्या रांगेकडे गेली आणि जयश्रीच्या खुर्चीत बसली. “तिला ताप हाय. परवा येल. तवर मी हाय.”

पिशवी तिने समोरच्या बाकावर उपडी केली. ओमकारचे चिमटे होते, धुऊन आणलेले.

“घे, बाय, हजेरी घे,” ती मला म्हणाली.

मी हजेरीपत्रक उघडलं. एकेक नाव घेत जयश्रीच्या नावापर्यंत आले.

“हजर,” आई म्हणाली.