मेंदूच्या दाराशी सोलकर आपा

सोलकर आपा औषध विकायच्या, पण ते सहजासहजी हातात द्यायच्या नाहीत. पिशवी काउंटरवर ठेवायच्या, तिच्यावर तळहात ठेवायच्या आणि विचारायच्या, "आता सांग, ही गोळी आत जाऊन काय करणार?" गिऱ्हाइकानं उत्तर दिल्याशिवाय तो हात उचलला जायचा नाही. मागे रांग लागली, कुणी "यल्ला, आपा, चला लवकर" म्हणून कुरकुरलं, तरी नाही. मस्कतमधल्या अझैबाच्या त्या गल्लीत टॅक्सीवाले, लॉन्ड्रीवाले, मोठ्या गाड्यांतून उतरणारे साहेब, सगळ्यांची तिथं तोंडी परीक्षा व्हायची. ज्याला जी भाषा कळेल त्या भाषेत.

मी आठवीत शाळा सोडली ती परीक्षेच्या धास्तीनंच. विज्ञानाच्या पेपराच्या सकाळी मला उलट्या व्हायच्या. ती धास्ती काही गेली नाही, फक्त जागा बदलत राहिली. लांज्याहून मस्कतला स्वयंपाकी म्हणून आलो तेव्हा ती व्हिसाची झाली. म्हणून त्या दुकानात पहिल्यांदा शिरलो आणि पुढच्या माणसाची उलटतपासणी चाललेली पाहिली, तेव्हा मी परत फिरलो होतो. नेमकी शिंक आली.

"पळतोस कुठं? काय होतंय?"

मी मोडक्या हिंदीत म्हटलं, "धुळीनं शिंका येतात. दोस्तानं गावची गोळी दिली होती, तिनं एवढी झोप आली की भात लागला. दुसरी द्या."

"लांज्याचा की राजापूरचा?" त्यांनी मराठीत विचारलं. बोलण्यावरून त्यांनी माझा तालुका ओळखला होता. त्या स्वतः रत्नागिरीच्या, राजिवड्याच्या. "नाव काय? दत्ताराम? मग दत्ताराम, शिंक नाकात, झोप डोक्यात. नाकाच्या गोळीनं झोप का यावी?"

म्हटलं, "मला शाळेतलं काही येत नाही, आपा."

"मी कुठं शाळेतलं विचारतेय? तुझ्याच अंगातलं विचारतेय." मग त्यांनी सांगितलं. हिस्टामिन नावाचं एक रसायन आपल्या अंगात असतं. नाकात ते शिंका काढतं आणि मेंदूत तेच आपल्याला जागं ठेवतं. जुनी गोळी दोन्हीकडे जाऊन त्याला गप्प करते. "ही नवी गोळी मेंदूत फारशी शिरत नाही. मेंदूला भिंत आहे, आणि भिंतीवर पहारा. आता तू सांग."

मी चाचरत सांगितलं. नाक, भिंत, पहारा, सगळं. आपांनी हात उचलला आणि म्हणाल्या, "पास."

एवढंच. पण घरी जाईपर्यंत मी तो शब्द मनात घोळवत होतो.

मग माझं तिथं जाणं वाढलं. कधी खोकला, कधी नुसतंच. आपा रिकाम्या असल्या की बोलायच्या. "जीवशास्त्र म्हणजे घर रे, आणि रसायन म्हणजे त्या घरातला स्वयंपाक. शाळेत घर एका तासाला शिकवतात, चूल दुसऱ्या तासाला. मग तुझ्यासारखा पोरगा म्हणतो, मला काही कळत नाही. कसं कळेल? चुलीशिवाय घर कुणाला कळलंय?" एकदा एक प्लंबर सर्दीसाठी अँटिबायोटिक मागत हटून बसला. आपा त्याला म्हणाल्या, "सर्दी विषाणूची, औषध जीवाणूचं. तू नळ गळतो म्हणून वायरिंग बदलतोस काय?" तो हसत हसत रिकाम्या हातानं गेला.

मी ज्या घरी काम करतो, तिथले म्हातारे बाबा तरुणपणी गलबतावर होते. खजूर घेऊन मुंबईला यायचे, म्हणून बंदरावरचं हिंदी झकास बोलतात. त्यांना पार्किन्सन आहे. हात थरथरतो, अंग आखडतं. इकडे कहवा, म्हणजे बिनदुधाची कॉफी, देण्याची रीत अशी की पाहुण्यानं पेला हलवला म्हणजे पुरे. हलवेपर्यंत वाढणारा ओततच राहतो. बाबांचा पेला आपोआप हलायचा, त्यामुळे पाहुण्यांत बसले की त्यांना एकाच पेल्यावर थांबावं लागायचं. ते मला म्हणायचे, "देख दत्ता, हाथ मेरे से पहले बोलता है." स्वतःच हसायचे.

त्यांच्या गोळ्या आधी त्यांची सून द्यायची. तिला नोकरी लागली आणि ते काम माझ्याकडे आलं. त्यानंतर दोन महिन्यांत बाबा खालावत गेले. सकाळी पलंगावरून उठवेना, बटण लागेना, शुक्रवारची मशीद सुटली. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी तेच. एका सकाळी त्यांचा मुलगा, म्हणजे माझा मालक, इकडच्या भाषेत अर्बाब, स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. "दत्ता, तू अच्छा आदमी. लेकिन बाबा हर हफ्ता ज्यादा खराब. ईद के बाद ट्रेनिंगवाला नर्स लाएगा. दो आदमी मैं नहीं रखेगा."

त्या दिवशी कांदा चिरताना बोट कापलं. दुपारी आपांकडे गेलो आणि म्हटलं, "बाबांसाठी जोराची गोळी द्या." त्यांची औषधं सरकारी हॉस्पिटलातून यायची, त्यामुळे आपांच्या तळहाताखालून ती कधी गेलीच नव्हती.

"जोराची म्हणजे कसली? बंदूक देऊ काय? तू गोळी देतोस कशी, ते सांग. सकाळी उठल्यापासून."

मी अभिमानानं सांगितलं. रिकाम्या पोटी मी कधी देत नाही. आई म्हणायची, गोळी उष्ण पडते, वरून दूध प्यावं. म्हणून आधी दोन अंडी, वाटाण्याची उसळ, आणि मग घट्ट दुधाच्या पेल्याबरोबर गोळी. दुपारची माशांवर, ताकाबरोबर.

आपांनी कपाळाला हात लावला. "मेल्या, सगळी पंगतच वाढलीस की रे."

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं. मेंदूत एका जागी डोपामिन नावाचं रसायन तयार होतं, हालचालीचा हुकूम त्याच्यावर चालतो. बाबांच्या तिथल्या पेशी मरत चालल्यात. "मग सरळ डोपामिनच का देत नाहीत?" मी विचारलं. आपांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, काहीतरी बक्षीस मिळणार. "शाबास. कारण ते भिंतीतून आत जाऊ शकत नाही. म्हणून कच्चा माल पाठवतात, लेव्होडोपा. हा असतो प्रथिनांच्या तुकड्यांसारखा. त्या तुकड्यांसाठी भिंतीला एक दार आहे, हा त्यांच्याच रांगेत उभा राहून आत जातो. आत गेला की मेंदू त्याचं डोपामिन करतो. आता बघ, दूध, अंडी, मासे पोटात गेले की त्यांचे कसले तुकडे होतात?"

"प्रथिनांचे."

"तू एअरपोर्टवर उतरलास आणि त्याच वेळी केरळची तीन विमानं उतरली. काय होईल?"

मला ते लख्ख दिसलं. ती रांग, एकच काउंटर, आणि माझी गोळी पासपोर्ट घेऊन सगळ्यात मागे उभी. दोन महिने मी मायेनं ती रांग वाढवत होतो.

"गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, पाण्याबरोबर," आपा म्हणाल्या. "मळमळलं तर कोरडी खुबूस-रोटी. मासे-अंडी बंद करू नकोस, त्यांना ताकद लागते. फक्त वेळ बदल. पण आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि हे सगळं अर्बाबला तू सांगायचं."

"मी? आपा, तुम्हीच फोन करा ना. मला आजच विमानात बसवतील."

"मी सांगितलं तर दत्तारामनं घोळ घातला, एवढंच त्यांच्या डोक्यात राहील. तू सांगितलंस तर दत्तारामला काय कळलं, तेही राहील. चल, म्हणून दाखव. हिंदीत."

तीन वेळा म्हणून घेतलं. दुकानात आलेला एक गृहस्थ खोकल्याचं औषध विसरून ऐकत उभा राहिला.

संध्याकाळी अर्बाबसमोर उभा राहिलो तेव्हा पुन्हा तीच विज्ञानाच्या पेपराची सकाळ. म्हटलं, "अर्बाब, मिस्टेक मेरा." आणि भिंत, दार, रांग, केरळची विमानं, सगळं सांगून टाकलं. त्यानं लगेच डॉक्टरांना फोन लावला. अरबीतलं मला काही कळत नव्हतं, एक शब्द सोडून: हलीब, म्हणजे दूध. तो चार वेळा आला. चारही वेळा मी मनातल्या मनात बॅग भरली.

फोन ठेवून तो म्हणाला, "डॉक्टर बोलता है, बराबर है. पूछता है, घर में फार्मासिस्ट कौन?"

"कोई नहीं, अर्बाब. मैं तो आठवी फेल."

त्यानं पेन माझ्या हातात दिलं. "कल से टाइम तू लिख. दीवार पे लगा."

दुसऱ्या आठवड्यात बाबांनी गळ्याचं बटण स्वतः लावलं. लावायला बराच वेळ लागला. मी आणि सून दाराआड श्वास धरून उभे. चौथ्या शुक्रवारी काठी टेकत मशिदीत गेले. ईद आली आणि गेली. नर्सचं काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. शेवटी अर्बाबच म्हणाला, "नर्स? खलास." आणि माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला घेऊन गेला.

मी धावत आपांना सांगायला गेलो. त्या खूश झाल्या, पण म्हणाल्या, "नाचू नकोस. पेशी मरायच्या त्या मरणारच. आपण फक्त दारातली गर्दी हटवली." मी विचारलं, मला ओरडलात कशा नाहीत. "दूध देणाऱ्याला काय ओरडायचं? माया होती, माहिती नव्हती. माहिती माझ्याकडे भरपूर पडलीय. दुसरी गोष्ट मी कुठल्या कपाटातून काढून दिली असती?"

गेल्या हिवाळ्यात आपा कायमच्या रत्नागिरीला परतल्या. त्यांची जागा इथल्याच एका मुलीनं घेतली. आपांनीच तिला सहा महिने घासून तयार केलं. निघायच्या दिवशी बाबा म्हणाले, मला त्या बाईला भेटायचंय, आणि चालत भेटायचंय. मी घड्याळ मांडून बसलो. आपा अकराला दुकान सोडणार, म्हणजे गोळी सव्वादहाला, नाश्ता बाजूला. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवली. बाबा उतरले, मला हात लावू दिला नाही, आणि लॉन्ड्री ओलांडून, चहाचं दुकान ओलांडून, सरळ दुकानात शिरले.

"गोळी किती वाजता?" आपांनी बाबांना सलाम करायच्या आधी मला विचारलं.

"सव्वादहा. पाण्याबरोबर."

बाबा म्हणाले, "बाई, बम्बई बन्दर में भी ऐसा डॉक्टर नहीं देखा."

"डॉक्टर हा," माझ्याकडे बोट दाखवून आपा म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा काउंटरमागून बाहेर आल्या. मी बघतच राहिलो. आतल्या बाजूला एक लाकडी फळी टाकलेली होती, तिच्यावर त्या उभ्या राहायच्या. खाली उतरलेल्या आपा जेमतेम माझ्या खांद्याला लागत होत्या.

"काय बघतोस?" त्या म्हणाल्या. "त्यांना खुर्ची दे. आणि खायला घाल, अर्धा तास होऊन गेला."