एका ओळीत लिहिलेले गणित

आदरणीय हिरालाल पाटील सर साठ वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावे असे समितीने कळवले, तेव्हा आनंदाआधी संकोच वाटला. सरांनी माझ्यासाठी काय केले हे सांगायचे, तर माझी अडचण चारचौघांत मांडावी लागते. मी जन्मतः अंध आहे. संगणक मला मजकूर वाचून दाखवतो. त्याच्या जोरावर मी शिकले आणि आज गणित शिकवते.

सरांची ओळख झाली ती शहाद्याला, अकरावीच्या वर्गात. मी खांडबाऱ्याहून येऊन वसतिगृहात राहत होते. सर धड्यांची टिपणे टाइप करून सर्वांना पाठवत. मजकूर मला नीट ऐकू येई; सूत्र आले की संगणक नुसते "चित्र" म्हणे आणि पुढे जाई. लाजेपोटी मी कुणाला बोलले नाही. "समजले का?" असे सरांनी विचारले की मान डोलवायची. एकदा त्यांनी मलाच उभे केले.

"तिसऱ्या ओळीत काय दिले आहे?"

"चित्र, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. तास संपल्यावर माझ्याजवळ बसून त्यांनी संगणकाचा आवाज ऐकला, आणि त्या आठवड्यापासून सूत्रांची चित्रे बंद केली. कीबोर्डवरच्या साध्या चिन्हांत, एका ओळीत ते गणित लिहू लागले. भागाकाराला तिरकी रेघ, घाताला टोपीसारखी खूण. एका मुलीसाठी एवढा खटाटोप, या विचाराने मी वर्गात आणखीच आक्रसून बसे.

पहिल्या चाचणीचे प्रश्नही सरांनी मला असेच एका ओळीत लिहून दिले होते. तिच्यात माझी जवळजवळ सगळी उत्तरे चुकली. गणित आपल्यासाठी नाही असे ठरवून मी वडिलांना बोलावून घेतले. कलाशाखेला नाव घालायचे होते. शिक्षकांच्या खोलीत सर माझा पेपर घेऊन बसले होते.

"जायचे तर जा. पण हे कसे सोडवलेस ते आधी सांग."

मी सांगू लागले. "सहा अधिक चार, तिरकी रेघ, दोन. आधी भागाकार करायचा. चार भागिले दोन, दोन. सहा अधिक दोन, आठ."

सरांनी मूळ गणित काढून पाहिले. कागदावर सहा आणि चार या दोहोंच्या खाली एकच आडवी रेघ असते. दहा भागिले दोन, उत्तर पाच. एका ओळीत लिहिताना ती रेघ गेली होती आणि बेरजेभोवती कंस घालायचे सरांकडून राहिले होते.

सर एरवी शाळेत प्रमाण मराठीच बोलत. त्या दिवशी वडिलांना आमच्या अहिराणीत म्हणाले, "भाऊ, तुमनी पोरनं गणित बरोबर शे. चूक मन्ही शे."

"सर, असं नका बोलू," वडील ओशाळून म्हणाले.

सरांनी तेच दुसऱ्या दिवशी भरल्या वर्गात सांगितले आणि माझे गुण बदलले. मी मान खाली घालून बसले. आपल्यापायी आपल्या गुरुजींना कमीपणा घ्यावा लागला, असे मला वाटत राहिले. तसे सरांना बोलूनही दाखवले. ते म्हणाले, "लाज माले येवाले जोयजे. तू ते जे लिखेल व्हतं तेच वाचं." लाज त्यांना यायला हवी; मी तर लिहिले होते तेच वाचले होते.

पुढचे मला सरांच्या पत्नीकडून, वहिनींकडून कळले. टिपण पाठवण्याआधी सर डोळे मिटून ते संगणकाकडून ऐकत आणि स्वतःच्याच लेखनावर वैतागत. "मलाच कळत नाही, तिला काय कळणार?" असे म्हणून पुन्हा लिहीत. लांबलचक सूत्राचे ते तुकडे करत, प्रत्येक तुकड्याला एक अक्षर देत आणि मग ती अक्षरे जोडून दाखवत. बारावी मी त्याच टिपणांवर उत्तीर्ण झाले. सरांनी कधी उपकाराचा शब्द काढला नाही.

आज मी सहकाऱ्यांकडे साध्या मजकुरातले गणित मागते, तेव्हा अजून माझा आवाज उतरतो. परवाही उतरला. सरांना हे तोंडावर सांगितले तर रागावतील, म्हणून इथे लिहिते आहे.

सरांचे गुडघे बरे राहोत, झोप शांत लागो, वहिनींसह त्यांना उदंड आयुष्य मिळो. कधीतरी मी खणखणीत आवाजात माझे गणित मागेन. ते ऐकायला सर समोर असावेत, एवढीच प्रार्थना.