जगदेव टाइमकीपरच्या पाळ्या

१९७४ साली वाशीमच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गंज्या छपरापर्यंत चढल्या, तेव्हा घेवरचंद शेठने सकाळी आठला सुरू होणाऱ्या एका पाळीच्या दोन पाळ्या करायला सांगितलं. सकाळी सहा ते साडेबारा, पुढे सातपर्यंत. दर आठवड्याला अदलाबदल. कुणाला कुठे बसवायचं हे ठरवणं टाइमकीपर जगदेवच्या गळ्यात पडलं.

त्यानं कामावरच्या त्रेचाळीस बायांची यादी केली, पुठ्ठ्यावर चिकटवून फाटकाशी टांगली. पहिल्याच दिवशी सहाच्या भोंग्याला पहिल्या पाळीतल्या नऊजणीच आल्या. बाकीच्या सातनंतर धापा टाकत.

"खाडे मांड," शेठ म्हणाला.

जगदेवनं पेन उचललं, पण खाडे न मांडता यादीच पुन्हा काढली. चार दिवस हेच. तो यादी खोडायचा, पुन्हा लिहायचा. जेवताना ताटाशेजारी पुठ्ठा असायचा. शेवटी बायको गोमतीबाई वैतागली.

"नळ कवा येते, मालूम हाये का तुमाले? पाच ते सात. बाई पानी भरन का तुमचा भोंगा आयकन?"

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो सार्वजनिक नळावर जाऊन उभा राहिला. कोण कुणाच्या शेजारी राहते, कुणाची घागर कोण भरू शकते, विचारून लिहीत गेला. दुपारपर्यंत जोड्या लागल्या. एक पहिल्या पाळीत, तर दुसरी तिचं पाणी भरणार. एकवीस जोड्या. उरली पंचफुला.

ती नाल्यापलीकडच्या वस्तीतली. तिची घागर आपल्या घागरीला कुणी लागू देत नव्हतं. सगळ्यांचं झाल्यावर तिचा नंबर यायचा, तोवर धार सुतासारखी झालेली. जगदेवनं एकेकीला विचारलं. कुणी पदर सारखा केला, कुणी जमिनीकडे पाहिलं.

"तिले कायमची दुसरीत टाका नं," मुकादम उदयसिंग म्हणाला.

पंचफुलानं ऐकलं. "सात वाजता सुटून अंधारात नाला मी रोज एकटीनंच वलांडू? समद्यायची पाळी बदलते, माही काहून नाई?"

 उरलेला दिवस जगदेव गंज्यांमधून उगाच फिरत राहिला. घरी गेल्यावर बायकोला म्हणाला, "तिचं पानी तू भरशीन का?"

गोमतीबाईनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "भरीन. पन घागर तुमी नेऊन द्याची. मी एकटी बोलनं खानार नाई."

पंचफुलाच्या पहिल्या पाळीच्या सोमवारी, भोंग्याच्या आधीच, टाइमकीपर डोक्यावर घागर घेऊन नाल्याकडे निघाला. नळावर बाया हसल्या. दोघी गोमतीबाईच्या मागून उठून दुसऱ्या रांगेत गेल्या. संक्रांतीला तिच्याकडे हळदीकुंकवाला चारच बाया आल्या. गोमतीबाईनं जगदेवला बोल लावला नाही, आणि घागर भरणंही सोडलं नाही.

महिनाभरानं रंगूबाई नावाची म्हातारी कामगारीण हजेरीच्या खिडकीशी आली. तिची जोडीदारीण माहेरी गेली होती. "माह्या नावासंगं पंचफुलीचं नाव लिव," ती म्हणाली. "तुह्या डोक्यावरची घागर पाहून लाज वाटते मले."

जगदेवनं लिहिलं. हंगाम संपेपर्यंत सहाच्या भोंग्याला कुणी चुकलं नाही. शेठनं एकदा त्याची पाठ थोपटली. तेव्हा त्याला आनंद व्हायला हवा होता. पण मनात एकच गोष्ट डाचत राहिली: नळावर जायच्या आधी दहा वर्षं तो रोज पंचफुलाची हजेरी घेत होता, आणि ती सगळ्यात उशिरा का येते, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं.