घरचा तुकडा

खाटीककाकांच्या दुकानात एक लोखंडी आकडा घरचा होता. सकाळी पहिला बोकड सोलला की त्यातला उत्तम तुकडा काका त्या आकड्याला अडकवायचे आणि दुपारी घरी न्यायचे. गिऱ्हाईक आत शिरलं की आधी तिकडे बघायचं. "काका स्वतः खातात तसलंच द्या," म्हणायचं. तीस वर्षं धंदा या विश्वासावर चालला.

मग काकांच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी मटण, अंडी, दूध, सगळं बंद केलं. "यापुढे भाजी, डाळ, फळं. बाकी काही नाही."

चार महिने झाले. वजन उतरलं, कळ थांबली, पण हातात सुरा आणि डब्यात उकडलेला दुधी, यानं काकांचा जीव मेटाकुटीला आला होता. आकडा रिकामा ठेवायचीही सोय नव्हती. खाटीकच खात नाही म्हटल्यावर त्याचं मटण कोण खाणार? तुकडा रोज आकड्याला लागायचा आणि दुपारी बायको तो शेजारणीला देऊन यायची. "सोंग तुमचं, हेलपाटे माझे," ती करवादायची.

एका सकाळी गिऱ्हाइकांत खुद्द डॉक्टर उभे दिसले. त्यांनी आकड्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "पथ्य पाळताय ना?"

"पाळतोय."

"शाब्बास! मग तो घरचा तुकडा मला द्या."

काकांनी तुकडा उतरवून बांधला. डब्यातला दुधीही सोबत द्यावा, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.