उलटं स्टेअरिंग

आनंदादादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी क्लासमध्ये मुलींना टायपिंग शिकवत होते. फोन सांगलीहून, दवाखान्याच्या फाटकाजवळच्या बूथवरून होता. शालनवहिनी एवढंच म्हणाल्या, "सुमनताई, तुमचा भाऊ गेला हो..." आणि रिसीव्हर कानाशी धरून उभ्या राहिल्या. मागं रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मीही फोन ठेवला नाही. दोघी तशाच एकमेकींचा श्वास ऐकत राहिलो. दीड महिना होत आला त्याला. त्याच्याबद्दल लिहावं असं रोज वाटतं, आणि लिहायला बसलं की ज्या गोष्टीनं सुरुवात करायची तीच नेमकी कुणाला खरी वाटणार नाही असंही वाटतं. माझा हा भाऊ, लष्करातला ड्रायव्हर, एक पाय गमावलेला, आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत माझ्या क्लासमधल्या कॉम्प्युटरवर गाडी घसरवायला शिकला. गाडी चालवायला नव्हे. घसरवायला.

आनंदादादा माझा चुलतभाऊ. आष्ट्याजवळच्या खेड्यात आमची दोन घरं भिंतीला भिंत लावून होती. मला सख्खा भाऊ नाही, त्यामुळं राखी त्यालाच, आणि मारही त्याच्याच हातचा. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो ट्रॅक्टर चालवायचा. उसानं भरलेली ट्रॉली चिखलातून काढायची असली की शेजारच्या वस्त्यांवरून त्याला बोलावणं यायचं. तो आधी खाली उतरून चाकाजवळ उकिडवा बसायचा, चिखलात बोट घालून बघायचा, मग वर चढायचा. लोक म्हणायचे, आनंदाच्या हाताला मशीन कळतं. भरतीला गेला आणि ड्रायव्हर म्हणूनच लागला, यात कुणालाच नवल वाटलं नाही. सुट्टीवर आला की बर्फाच्या रस्त्यांच्या गोष्टी सांगायचा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही... "खाली बघायचं न्हाई, सुमे. रस्ता बघायचा."

मग एका हिवाळ्यात तार आली. ट्रक दरीत गेला होता. दादा वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. त्याच्या शेजारी बसलेला जवान लक्ष्मण वाचला नाही. लक्ष्मण आपल्याच भागातला, पाटणच्या वरच्या अंगाचा. दोघं पलटणीत एका ताटात जेवायचे, एवढं आम्हाला दादाच्या जुन्या बोलण्यावरून माहीत होतं. दादा पेन्शन घेऊन घरी आला, आष्ट्यात बाजाराच्या मागं घर केलं, नकली पायावर चालायला शिकला. पण लक्ष्मणचं नाव त्याच्या तोंडून पुन्हा आलं नाही. ट्रॅक्टरकडं तो बघायचाही नाही. क्लच दाबायला पायच नाही, म्हणून बघत नसेल, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

माझं लग्न होऊन मीही आष्ट्यातच आले होते. आमचे हे जहाजावर इंजिनिअर. सहा-सहा महिने घर मीच सांभाळायची, म्हणून पुढच्या खोलीत कॉम्प्युटरचा क्लास काढला. एका खेपेला यांनी परदेशातून एक स्टेअरिंग आणलं. टेबलाच्या कडेला स्क्रूनं आवळून बसवायचं, खाली ब्रेक आणि ॲक्सिलरेटरचे दोन पेडल, आणि त्यासोबत डोंगरातल्या शर्यतींची एक सीडी. सुट्टीभर हे त्याच्यावर खेळले आणि जहाजावर निघून गेले. स्टेअरिंग टेबलालाच राहिलं.

दादा एका दुपारी वहिनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी द्यायला आला. क्लास रिकामा होता. स्टेअरिंगवर नजर पडली तसा उंबऱ्यातच थांबला.

"ह्ये काय लावलंयस?"

मी मशीन चालू करून दाखवलं. खुर्चीत बसून त्यानं आधी खाली वाकून पेडल बघितले. दोनच होते. क्लच नव्हता. कितीतरी वेळ तो त्या दोन पेडलांकडं बघत राहिला. मग उजवा पाय ठेवला. गावातून धावणारा, माळावरचा, जंगलातला असे रस्ते मी एकेक करून दाखवत होते. तो मध्येच म्हणाला, "बर्फ हाय का ह्यात?"

बर्फ होता.

त्या दिवसापासून तो रोज दुपारी येऊ लागला. मला वाटलं, बरं झालं, जीव रमतोय. शालनवहिनीही म्हणाल्या, "लय दिसांनी घराबाहेर पडत्यात, असू दे." पण तो शर्यत खेळतच नव्हता. तो बर्फाचा एकच घाट लावायचा, एका ठरावीक वळणापर्यंत सावकाश जायचा आणि तिथं मुद्दाम गाडी घसरवायचा. मागची चाकं बाहेर फेकली जायची, गाडी आडवी व्हायची, कठडा मोडून खाली जायची. मग पुन्हा पहिल्यापासून. सीडीसोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं, ते मी त्याला वाचून मराठीत सांगायची. या प्रकाराला ड्रिफ्ट म्हणतात हे मलाही तेव्हाच कळलं. वळणाच्या आधी ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडी मागून सुटू द्यायची, आणि सुटली की स्टेअरिंग उलट्या बाजूला फिरवून पायाचा दाब हलका, एकसारखा ठेवायचा. ब्रेक दाबायचा नाही. सुटलेल्या गाडीशी भांडायचं नाही, तिच्याबरोबर जायचं. हे वाचल्यावर दादा हसला. मला ते हसू आवडलं नाही.

"ह्ये आमाला शिकवलंवतं," तो म्हणाला. "बरफावर ब्रेक मारायचा न्हाई. झोपेत इचारलं तरी सांगितलं असतं मी."

"मग?"

तो पडद्याकडं बघत बोलला. गाडी थांबली होती, बर्फ तेवढा पडत होता. "तवा लक्ष्या वराडला, 'दादा, गेली!' आन् माज्या पायानं ब्रेक दाबला. डोक्यानं न्हाई, पायानं. हात पन फिरवला न्हाई मी. नुस्ता दाबून धरला..." मग उजव्या मांडीवर हात ठेवून म्हणाला, "आन् गेला कुठला पाय, तर डावा. ह्यो ऱ्हायला."

मी चहा टाकायच्या निमित्तानं आत गेले आणि गॅस न पेटवताच उभी राहिले. बाहेरून पेडलचा खटखट आवाज सुरू झाला.

वर्षभर तो शिकत होता. हातानं लवकर ऐकलं, पायानं ऐकलं नाही. गाडी सुटली की त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. त्यानं ब्रेकच्या पेडलाखाली लाकडाचा ठोकळा घालून बघितला. पाय ठोकळ्यावर जोर काढायचा. कधी घाम पुसत उठायचा, म्हणायचा, "उद्यापास्नं येत न्हाई." दुसऱ्या दिवशी हजर. हे रजेवर आले तेव्हा शेजारी बसून म्हणाले, "मेहुणे, खेळ आहे हा. खऱ्या ट्रकचं वजन, भार, रस्त्याचा उतार, यात काही नाही. यावरून तसलं काही ठरवू नका." दादा म्हणाला, "व्हय दाजी, खेळच हाय." आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.

आणि एक दिवस जमलं. मी फळा पुसत होते. पाठीमागं खटखट थांबली म्हणून वळून पाहिलं. पडद्यावरची गाडी त्या वळणावर पूर्ण आडवी झाली होती, नाक डोंगराकडं, शेपूट दरीवर, आणि तशीच, पाण्यावरून नाव जावी तशी, वळण संपेपर्यंत सरकत गेली. मग सरळ होऊन पुढं निघाली. दादाचा पाय जागेवर होता. त्यानं पुन्हा केलं, पुन्हा जमलं. मी टाळी वाजवली. आता तो मोकळा होईल, असं खरंच वाटलं मला.

त्यानं स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "जमत हुतं म्हंजी," तो म्हणाला. "जमण्यासारखं हुतं."

आठवडाभरानं तो मला घेऊन पाटणला निघाला. एकटा जाणार होता. वहिनींनी मला सोबत धाडलं. आष्ट्याहून कऱ्हाड, कऱ्हाडहून पाटण, तिथून वरची गाडी आणि शेवटची चढण पायी. नकली पाय चढणीला साथ देत नव्हता. दगडावर बसत, उठत तो चढला. लक्ष्मणची आई, हौसाबाई, अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, तरी पायाकडं बघून ओळखलं. "आनंदा का रं तू?" म्हणाली, आणि त्याचं तोंड कुरवाळून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. चहा झाला. लक्ष्मण सुट्टीवर आला की दादाच्याच गोष्टी कशा सांगायचा, ते ती सांगत होती. दादानं मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि मग बोलला. ब्रेकचं, हाताचं, माझ्या क्लासमधल्या स्टेअरिंगवर शिकल्याचं, सगळं. वाचवता आलं असतं मावशी, असंही बोलला.

हौसाबाईनं सूप खाली ठेवलं. रडली नाही. मग म्हणाली, "सायबानं सांगितलंवतं, बरफापुढं कुनाचं चालत न्हाई. त्याच्यावर मी इतकी वर्सं काढली बाबा." सूप पुन्हा हातात घेऊन म्हणाली, "तुजं मन हलकं झालं आसंल. जेवून जावा. पर ह्ये सांगायला परत येऊ नगंस."

आम्ही जेवलो. पिठलं-भाकरी होती. एसटीत तो खिडकीकडं तोंड करून बसला होता. कऱ्हाडच्या पुढचं मलकापूर आलं तेव्हा म्हणाला, "हलकं न्हाई झालं, सुमे." त्यानंतर तो माझ्या क्लासमध्ये आला नाही. बोलावलं तर यायचा म्हणायचा, यायचा नाही. साखरेचा आजार निघाला, गोळ्या घरात पडून असायच्या. त्या चढणीवर नकली पायानं आतून घासून झालेली जखम भरून येत नव्हती, ती त्यानं वहिनींनाही दाखवली नाही. वास सुटला तेव्हा कळलं. सांगलीला नेलं, पण डॉक्टरांच्या हाती काही राहिलं नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा तापात होता. मला ओळखलं. पांघरुणाखाली त्याचा उजवा पाय हलत होता. मी वरून हात ठेवला, तरी थांबला नाही.

हे सगळं इथंच संपवणार होते. पण गेल्या आठवड्यात हौसाबाई आली. तेराव्याचा निरोप तिला उशिरा पोचला होता. एकटी, तीन गाड्या बदलून, पत्ता विचारत. वहिनींना भेटून ती माझ्याकडं आली आणि क्लासच्या दारात उभी राहून म्हणाली, "ते कुठं हाय? ज्याच्यावर शिकला ते?"

मी दाखवलं. तिनं स्टेअरिंगला हात लावला नाही. "ह्यात माजा ल्योक कुठं बसला आसंल?"

मी स्टेअरिंगच्या डाव्या बाजूची रिकामी जागा दाखवली. तिनं भिंतीकडचं स्टूल ओढलं आणि तिथं बसली, पदर आवळून, दोन्ही हात गुडघ्यांवर. "आता चालीव," म्हणाली.

"मावशी, मला नाही येत."

"जशी येती तशी चालीव."

मी दादाच्या खुर्चीत बसले आणि बर्फाचा घाट लावला. सावकाश गेले, तरी त्या वळणावर गाडी सुटलीच. स्टेअरिंग कुठल्या बाजूला फिरवायचं ते मला तोंडपाठ होतं, त्याला मीच वाचून दाखवलं होतं. माझ्या पायानं ब्रेक दाबला. गाडी कठडा मोडून खाली गेली. पडदा पांढरा झाला.

हौसाबाईनं माझ्या पायाकडं पाहिलं. मग पडद्याकडं.

"एवडाच येळ आसतुय व्हय?" ती म्हणाली.